खालची ओळ

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझ्याबद्दल माझ्या तोंडावर कोणी वाईट बोलतच नाही. परवा डोंबिवलीत भाजी घेताना तुझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता तिचेच केस पांढरे झालेत. माझा हात धरून म्हणाली, "बाईंसारखं शिकवणारं आता कोणी राहिलं नाही हो. तुम्ही किती भाग्यवान, गाणं घरातच!" मी हसले. रस्त्यात उभं राहून काय सांगणार तिला? घरी आले, पिशवी ओट्यावर आपटली आणि ठरवलं, आता तुला लिहायचंच. तू होतीस तेव्हा मी तुझ्याशी कधी भांडले नाही, कारण तुझ्याशी भांडताच यायचं नाही. समोरचा बोलायला लागला की तू पेटीचा भाता सोडायचीस आणि सा धरायचीस. त्या सा-समोर आपण काय बोलणार? बाबासुद्धा अर्धं वाक्य तोंडात ठेवून गॅलरीत निघून जायचे. आता तुझ्या हाताशी पेटी नाही. आता ऐक.

आपली पुढची खोली म्हणजे तुझा क्लास. संध्याकाळी सतरंजी पसरायची, चपला पार जिन्यापर्यंत, आणि मधोमध तू. तुझी पट्टी काळी चार. पेटीवरची ती चौथी काळी दाबून तू सा द्यायचीस, आणि जी येईल तिने, लहान असो, मोठी असो, घसा बसलेली असो, त्याच सा-वर गायचं. जमलं नाही तर ती कच्ची. एखादीचा गळाच वेगळा असेल हा विचार तुझ्या मनाला कधी शिवला नाही. माझा आवाज आठवी-नववीत खाली उतरला. मुलींचा थोडा उतरतो, माझा जरा जास्तच उतरला. काळी एकला मी आरामात गायचे, म्हणजे जिथे पुरुष गातात तिथे. तू एकदा ऐकलंस आणि सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, "हा कुठून आणलास घसा?" जसा काही मी तो कल्याणच्या मार्केटातून बटाट्यांबरोबर उचलून आणला होता. मग तू मला वर ओढायला लागलीस. रोज सकाळी, शाळेच्या आधी, काळी चार. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज फाटायचा, आणि तू शांतपणे म्हणायचीस, "मनातच नाही हिच्या." गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला सगळ्या मुली उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या कानाशी येऊन सांगितलंस, "तू मागे राहा आणि नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस, बाकीच्यांचं बिघडतं." गायनक्लासच्या बाईंची मुलगी मी, आणि कॉलेजात जाईपर्यंत दर गुरुपौर्णिमेला नुसते ओठ हलवत उभी. खाली बसलेले लोक म्हणायचे, आईवर गेलीये हं.

कॉलेज कल्याणला. तिथे मला शहाडचा तो मुलगा भेटला, ज्याला तू शेवटपर्यंत झिपऱ्या म्हणालीस. त्याचे वडील शहाडच्या कारखान्यात, राहायला कंपनीचं क्वार्टर. मामा बोटीवर. त्या मामाने कुठल्या कुठल्या बंदरांतून जुन्या परदेशी रेकॉर्डी आणून भाच्याकडे टाकल्या होत्या, आमच्या जन्माच्याही आधीच्या. कव्हरवर सूटबूट घातलेले चार बाप्ये एकाच माइकला चिकटून हसतायत, नाहीतर एकसारखे फ्रॉक घातलेल्या तिघी बहिणी. त्याने एक लावली. मी क्वार्टरमधल्या लोखंडी कॉटवर बसलेले. आई, ते चौघं एकाच वेळी चार वेगवेगळे सूर गात होते. एकजण चाल म्हणतोय, दुसरा तिच्या वर, तिसरा खाली, चौथा पार तळाशी. आणि कोणी कोणावर ओरडत नव्हतं की तुझं चुकतंय म्हणून. उलट चौघांचं मिळून असं काही भरीव होत होतं की माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, "हे असं चालतं?" तो म्हणाला, "अगं, चालतं काय, हेच तर आहे!" मला रडूच फुटलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, रेकॉर्ड आवडली नाही. त्याने घाईघाईने दुसरी लावली.

मग आम्हाला वेडच लागलं की हे आपण मराठीत करायचं. गाणी आपली, चाली आपल्या, वाद्य नाही, फार तर चुटक्या. आम्ही चौघं. झिपऱ्या चाली करायचा आणि मधला सूर धरायचा. कल्याणच्या धान्यवाल्याचा एक जाडा मुलगा होता, तो तळाशी डुम डुम करायचा आणि मधेच हसायला लागायचा. ठाण्याच्या खाडीकडची एक कोळ्यांची मुलगी होती, तिचा आवाज असा धारदार आणि मोकळा की मुख्य चाल तिनेच म्हणायची हे न बोलता ठरलं. आणि मी. मला पहिल्यांदा कोणी वर ओढलं नाही. झिपऱ्या म्हणाला, "तू चालीच्या खाली जा. तुला खाली काय सापडतं ते बघ, मी सांगणार नाही." आमचा रिवाजच होता तसा. चाल एकाची, पण आपापली ओळ ज्याची त्याने शोधायची. आणि लिहून ठेवायची नाही. लिहिलं की गाणं झोपतं, हे त्याचं खूळ. आमचं पहिलं पुरं झालेलं गाणं खडवलीचं. गाणं काय, तर नदीवर पोहायला गेलेल्या पोरांचे कपडे दगडांवर वाळत पडलेत, कधीचे वाळलेत, आणि घरी जायला कोणीच उठत नाहीये. त्या चालीखाली मला एक ओळ सापडली. दोन आठवडे मी ती शोधत होते. सापडली तेव्हा जाडा म्हणाला, "आयला, आता गाणं उभं राहिलं." जन्मात मी स्वतः केलेली ती पहिली गोष्ट. ग्रुपला आम्ही शेवटपर्यंत नाव दिलं नाही. नावं ठेवायला तू होतीसच.

ती ओळ मी घरी स्वयंपाकघरात म्हणायचे, पोळ्या लाटताना, कारण पुढच्या खोलीत तुझा क्लास. तू पाणी प्यायला आत यायचीस, तांब्या हातात घेऊन दारातच थांबायचीस. "काय गं हे रडगाणं? चाल कुठेय ह्याला?" मी सांगितलं, "आई, ही खालची ओळ आहे. चाल वर दुसरी म्हणणार." तू म्हणालीस, "वर दुसरी म्हणणार आणि तू खाली रेकणार? आणि त्याला तुम्ही गाणं म्हणणार?" मी समजावायला गेले. तू ऐकून घेतलंस, खरंच ऐकून घेतलंस, मग तुझ्या त्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणालीस, "बाळा, आपल्याकडे गाणं म्हणजे एक सूर. चार जण चार सूर लावायला लागले की त्याला बाजार म्हणतात." तरी रोज पाणी प्यायला येत होतीस. इतकी तहान तुला त्या आधी कधी लागली नव्हती. ठाण्याची ती एकदा घरी आली, तर तिचा डबा तू गॅलरीत ठेवायला लावलास, बोंबलाचा वास येतो म्हणून. डब्यात त्या दिवशी बटाट्याची भाजी होती. जाताना ती मला म्हणाली, "तुजी आई भारी गाते गो, खरंच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सोसायटीच्या गणपतीचं. ते तुला माझ्याकडून कधी ऐकायला मिळालं नाही, म्हणून सगळं लिहिते. झिपऱ्याच्या ओळखीने ठाण्याचा एक कॅसेटवाला आमचं ऐकायला येणार होता. छोटा माणूस, स्वतःचं दुकान, स्वतःच कॅसेटी काढायचा. त्याला काहीतरी नवीन पाहिजे होतं. आम्ही जीव तोडून तयारी केली. कार्यक्रमात आधी तुझ्या क्लासच्या मुली, मग आम्ही. तुझ्या मुलींचं झालं, पण पेटी कोण हलवणार म्हणून तू स्टेजच्या कडेला तशीच बसून राहिलीस. आम्ही सांगितलेलं की वाद्य नकोय. तू मान डोलावलीस. आम्ही एका माइकभोवती उभे राहिलो, त्या कव्हरवरच्या लोकांसारखे, आणि खडवलीचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं असं लागलं आई, असं लागलं, की मांडवातली पोरं चुळबुळायची थांबली. दुसऱ्या कडव्यात चाल वर जाते आणि मी एकटी खाली थांबते. नेमकी तिथे तू पेटीवर चाल वाजवायला लागलीस. ठासून. माझ्याकडे बघून हाताने खुणा, वर ये, वर ये. मी आले नाही. मी जन्मात पहिल्यांदा तुझ्या हाताकडे बघून वर आले नाही. तेव्हा तू भाता बंद केलास, उठलीस, आणि माइकपाशी येऊन आख्ख्या मांडवाला हसत सांगितलंस, "थांबा थांबा. माफ करा हं मंडळी, आमच्या हिचा सूर सुटलाय. पुन्हा घेऊ या." लोक हसले. वाईट हेतूने नाही, कौतुकाने हसले, घरचंच पोर म्हणून. मग तू ठाण्याच्या त्या मुलीला जवळ घेतलंस, पेटीवर काळी चार दाबलीस, आणि आमचं गाणं तुम्ही दोघींनी म्हटलंत. एका सुरात. झिपऱ्या आणि जाडा माइकपासून मागे सरकले. मी काय केलं माहितीये? सवयीने ओठ हलवले. टाळ्या काय पडल्या! घरी आल्यावर मी उंबऱ्यातच बसलेले, तर तू गजरा काढता काढता म्हणालीस, "वाचवलं हो मी तुम्हाला." वाचवलं! ते ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला ना आई, तो अजून गेलेला नाही.

कॅसेटवाल्याला तू आवडलीस. का नाही आवडणार, होताच तुझा आवाज गोड, मी कधी नाही म्हटलं? त्याने गणपतीच्या गाण्यांची कॅसेट काढली, तुझी आणि तिची. बोंबलाच्या वासाची पोरगी आता "आमची लेक" झाली, तिला आत स्वयंपाकघरात पाट मिळाला. तिच्यावर मी रागावले, खूप रागावले, तर तिने सरळ सांगितलं, "मला गायचं होतं गो. कुठं पण." तिचं खरं होतं. तिच्यावरचा राग वर्षभरात उतरला. आमचं शहाडला जमणं आधी कमी झालं, मग बंद. झिपऱ्या आखातात नोकरीला गेला, जाडा दुकानाच्या गादीवर बसला, मी ठाण्याला एका ऑफिसात चिकटले. कोणी कोणाशी भांडलं नाही, कोणी ग्रुप मोडला असं म्हणताच यायचं नाही. नुसतं सगळं निवलं. कॅसेट आली त्या दिवशी तू पहिली मला दिलीस, वर पेढा ठेवून. "तोंड गोड कर," म्हणालीस. मी पेढा खाल्ला. त्यानंतर मी गायले नाही. पोरांना अंगाई म्हटली नाही, आरतीला टाळ्याच वाजवते. नवऱ्याला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं की मी कधी गात होते, तेही तिसऱ्याच कोणाकडून.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर तगले, सांगू कुठल्या? तुला कळलं नाही, ह्या गोष्टीवर. मी स्वतःची समजूत घातली होती की बाई एका सुरात वाढली, एका सुरात मेली, तिच्या कानाला ते खरंच चुकीचं लागलं असणार. तिने आपली मुलगी बेसूर होताना बघितली आणि आई म्हणून धावली. अडाणीपणा म्हणून तुला माफ करता येत होतं. पूर्ण नाही, पण दिवस निघत होते. आणि मग गेल्या महिन्यात ठाण्याची ती घरी आली. आता शाळेत गाणं शिकवते, गुडघे गेलेत, तोंड तसंच आहे. चहा झाला आणि म्हणाली, "एक सांगू काय गो? बाई सांगू नको बोललेल्या, पण आता कोण ऐकतंय." कॅसेटचं रेकॉर्डिंग चाललेलं तेव्हा मधे थोडा वेळ मिळाला, तर तू तिला म्हणालीस, "ते तुमचं नदीचं म्हण बघू." तिने चाल सुरू केली. आणि खाली तू माझी ओळ धरलीस. पेटी बाजूला, डोळे मिटून. तुझा आवाज एवढ्या खाली पोचत नव्हता, ती म्हणाली, नुसता श्वास ऐकू यायचा काही ठिकाणी, पण एक जागा चुकली नाही. दोन्ही कडवी. संपल्यावर तू म्हणालीस, "बसते गं. चांगली बसते." आणि, "हिला बोलू नकोस." मग पदर सारखा केलास आणि पुढचं गाणं घेतलंस.

म्हणजे पाणी प्यायला येत होतीस ती माझी ओळ पाठ करायला! मग मला एवढंच सांग, मांडवात उठलीस तेव्हा ती बसते हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून थांबवलंस तर तू दुष्ट होतीस, आणि मी हा शब्द खोडणार नाहीये, पहिल्यांदाच लिहितेय. आणि तेव्हा नसेल कळलं, नंतर त्या स्टुडिओत चालीबरोबर म्हणून बघितल्यावर कळलं असेल, तर घरी येऊन दोन शब्द बोलायला काय झालं होतं? मी तिथेच होते. त्याच घरात, त्याच ओट्याशी, पोळ्या लाटत. "तुझं बरोबर होतं" एवढंच. क्लासमधल्या परक्या पोरींना तू वा म्हणायचीस, समेवर आली की लगेच वा! माझ्या वाट्याचा वा तू एका तिसरीला देऊन आलीस आणि वर तिला शपथ घातलीस. दवाखान्यात शेवटचे दिवस मी तुझ्या उशाशी होते, तुझी जीभ चालत होती, नर्सला तू गाणं शिकवत होतीस. तेव्हाही नाही बोललीस. कसली माणूस होतीस गं तू?

मला हे आताच का सुचलं तेही सांगते. झिपऱ्या परत आलाय. कल्याणला मोठ्या टॉवरमध्ये राहतो, डोक्यावर एक केस नाही, तू बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं तुला. त्याला खडवलीचं गाणं करायचंय. आता म्हणे घरातल्या घरात कॉम्प्युटरवर होतं. एकेकाचा आवाज वेगळा घ्यायचा आणि एकावर एक ठेवायचा. त्याचा झाला. जाड्याचा झाला, हसू आवरत तीनदा घ्यावा लागला. ठाण्यावालीने चाल म्हटली, आवाज थोडा थरथरतो पण धार आहे. तिघांचं मिळून ऐकवलं मला फोनवर. गाणं आहे, पण उभं राहत नाही. सगळे माझ्यासाठी थांबलेत. रोज फोन. मी सांगते घसा बसलाय, पाहुणे आलेत, पुढच्या आठवड्यात नक्की.

हे पत्र कुठे टाकणार, तुझा पत्ता काय? फाडणार नाही, पण पुन्हा वाचणारही नाही. तुला माफ केलेलं नाही, तसं समजू नकोस. फक्त एक राहिलंय, ते त्या तिघांना सांगायची हिंमत नाही म्हणून तुला सांगते. मला माझी ओळ आठवत नाही, आई. शब्द आठवतात, चाल आठवते, जाड्याचं डुम डुमसुद्धा जिथल्या तिथे आठवतं. माझीच गेली. नुसती ती मी पोळ्या लाटताना सोडून कधी म्हटली नाही ना, चालीशिवाय तिला धरायला काही नाही, आणि इतकी वर्षं मी तोंडच उघडलं नाही. दार लावून बसते, चाल लावते, खाली जायला बघते, की डोक्यात तुझी पेटी सुरू होते आणि मला वर घेऊन जाते. माझ्याशिवाय ती ओळ आख्खी एकाच माणसाला येत होती. तू असतीस ना, तर आज नाक मुठीत धरून तुझ्यासमोर येऊन बसले असते आणि म्हटलं असतं, शिकव.